मेथी पिवळी का पडली? निफाड तालुक्यातील बियाण्याच्या मेथीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या खोऱ्यातील एका गावात या कुटुंबाची साडेचार एकर जमीन आहे. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण लिहीत असले, तरी गाव आणि नावे वगळली आहेत. घरातील ज्येष्ठांना येथे ‘नाना’ आणि शेतीचा हिशेब सांभाळणाऱ्या त्यांच्या थोरल्या सुनेला ‘सूनबाई’ म्हटले आहे. अडीच एकर द्राक्षबाग, एक एकर कांदा आणि उरलेला एक एकर भाजीपाल्याचा, अशी जमिनीची वाटणी आहे. या भाजीपाल्याच्या एकराच्या बहुतेक भागावर पूर्वी चौदा वर्षे द्राक्षबाग होती. ती दोन वर्षांपूर्वी तोडली, तार आणि लोखंडी अँगल काढले आणि जमीन नांगरून पालेभाज्यांसाठी मोकळी केली. याच एकराच्या विहिरीकडच्या टोकाला तीन गुंठे घास आहे. आपल्याकडे नुसते ‘घास’ म्हटले की लसूणघासच समजतात. दोन गाईंसाठी तो सहा-सात वर्षांपासून त्याच जागी उभा आहे. पुढे या प्रकरणाचा उलगडा त्या तीन गुंठ्यांतूनच झाला.

द्राक्षाचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि कांद्याचे भावाच्या मर्जीने येतात, त्यामुळे घरखर्च, मजुरी आणि औषधांची उधारी मेथी-कोथिंबिरीवर निघते. पेरणीपासून पंचवीस-तीस दिवसांत मेथी काढणीला येते, जुड्या बांधून लिलावाला जाते आणि शेकड्याच्या भावाने विकली जाते. पावसाळ्यात सततच्या पावसाने इतरांची मेथी सडली की भाव चढतो, थंडीत सगळीकडे मेथी पिकली की तोच भाव कोसळतो. पाल्यासाठी मेथी दाट फोकून पेरतात, त्यामुळे बियाणे पुष्कळ लागते आणि दर पंधरवड्याला नवा वाफा पेरणाऱ्या घरात बियाण्याची गोणी हा मोठा खर्च असतो. देशातील मेथीदाण्याचे पीक प्रामुख्याने राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये होते आणि आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच गोण्या तिकडच्याच असतात. मागील खरिपात आणलेल्या गोणीची उगवण इतकी विरळ झाली, की दोन वाफे मोडून पुन्हा पेरावे लागले. तेव्हा घरचेच बियाणे करावे असे सूनबाईंनी सुचवले आणि नानांनी रब्बीत वीस गुंठे त्यासाठी दिले.

हा विचार मुळात योग्यच होता. मेथीचे फूल बहुतांशी स्वपरागित असते, म्हणजे फुलातल्या फुलातच फळधारणा होते. त्यामुळे शेजारी दुसऱ्या जातीची मेथी असली, तरी संकरित भाज्यांसारखे बियाणे लगेच बिघडत नाही. निफाडची थंडी महाराष्ट्रात सर्वांत कडक पडणाऱ्या थंडीपैकी आहे, आणि मेथीला थंडी मानवते. जोखीम होती ती फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पावसाची आणि गारपिटीची, कारण दाण्यासाठी हे पीक चार महिन्यांहून अधिक काळ शेतात राहते.

अडचण

पेरणी ८ नोव्हेंबरला झाली. बियाण्यासाठी ओळींत आणि विरळ पेरणी हवी, म्हणून ओळींमध्ये एक फूट अंतर ठेवून पाभरीने पेरले. खरिपात या जमिनीत मेथीवर मेथी घेतल्याने मर रोगाचे ठिपके पडले होते, त्या धास्तीने बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक चोळले होते. नानांनी हरभऱ्यासाठी आणलेले रायझोबियम या जीवाणू खताचे एक पाकीट शिल्लक होते. ‘मेथीही द्विदलच आहे, वाया कशाला घालवायचे’ म्हणून गुळाच्या पाण्यात कालवून तेही त्याच घमेल्यात, त्याच वेळी चोळले. उगवण चांगली झाली. पहिल्या तीन आठवड्यांत कोणतीही तक्रार नव्हती.

चौथ्या आठवड्यात रंग उतरू लागला. आधी खालची पाने फिकी झाली, मग सबंध शेत लिंबाच्या सालीसारखे दिसू लागले. ४ डिसेंबरला सूनबाईंनी सल्ल्यासाठी मला फोनवर छायाचित्रे पाठवली. त्यावेळी मी जे केले ते येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. त्या भागातील जमीन चुनखडीची आहे हे मला ठाऊक होते, चुनखडीत लोह पिकाला मिळत नाही हेही ठाऊक होते आणि छायाचित्रात पिवळी पाने दिसत होती. एवढ्या आधारावर मी लोहाची कमतरता असावी असे कळवले आणि फेरस सल्फेटच्या फवारणीचा विचार करायला सांगितले. सुदैवाने फवारणीचा पंप त्या दिवशी बागेत गुंतला होता. दुसऱ्या दिवशी मी प्रत्यक्ष शेतात गेले, तेव्हा माझे निदान चुकले होते हे पहिल्या वाफ्यातच कळले.

लोहाची कमतरता आधी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते, आणि पान पिवळे पडले तरी शिरा हिरव्या राहतात. येथे उलटे होते. शेंडा त्यातल्या त्यात हिरवा होता, खालची पाने शिरांसकट सारखी पिवळी होती. झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना पुरवते तेव्हा असे चित्र दिसते. म्हणजे ही नत्राची उपासमार होती. द्विदल पीक मुळांवरच्या गाठींतील जीवाणूंकडून हवेतले नत्र मिळवते. अशा पिकाने नत्रासाठी उपाशी राहावे याचा अर्थ त्याच्या मुळांवर काहीतरी बिनसले आहे. पाणी साचल्याने मुळे गुदमरली असतील का, हे आम्ही आधी पाहिले. जमीन वाफशावर होती आणि मुळे पांढरी, निरोगी होती. मर रोगही नव्हता, कारण जमिनीलगतचा भाग कुजलेला नव्हता.

मुळे काय सांगत होती

खुरप्याने मातीच्या ढेकळासह झाडे उचलली आणि बादलीतील पाण्यात हलवून धुतली. मुळे ओढून काढली तर गाठी तुटून जमिनीतच राहतात आणि ‘गाठी नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो, म्हणून ही खबरदारी महत्त्वाची आहे. शेताच्या मधल्या भागातून घेतलेल्या बारा झाडांपैकी नऊ झाडांवर एकही गाठ नव्हती; उरलेल्या तिघांवर मोहरीपेक्षा लहान, पांढऱ्या अशा एक-दोन गाठी होत्या. नखाने फोडल्यावर त्या आतूनही पांढऱ्याच निघाल्या. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते. हा रंग लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा असतो, आणि आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते सांगणारे हे द्रव्य गाठीतील जीवाणूला बेताचाच प्राणवायू पोहोचवते. गुलाबी रंग नसेल, तर ती गाठ झाडाला नत्र देत नाही.

तेवढ्यात सूनबाई विहिरीच्या बाजूने म्हणाल्या, “ताई, इकडची मेथी बघितली का? ही तर पिवळी नाही.”

घासाला लागून असलेले सुमारे दोन गुंठे खरोखरच गडद हिरवे होते. नानांचे म्हणणे असे, की विहिरीचे जास्तीचे पाणी आणि गाईंचे मूत्र तिकडे जाते म्हणून ते हिरवे आहे. ते कारण नाकारता येत नव्हते. मात्र त्या कोपऱ्यातील झाडे धुतल्यावर प्रत्येक झाडाच्या मुळावर दहा-पंधरा गाठी मिळाल्या, काही लांबट, काही बोटांसारख्या फाटे फुटलेल्या, आणि फोडलेली जवळजवळ प्रत्येक गाठ आतून गुलाबी होती. केवळ गोमूत्रातील नत्रामुळे झाडे हिरवी असती, तर गाठी इतक्या भरल्या नसत्या, कारण आयते नत्र मिळाले की द्विदल झाड गाठी धरण्यात हात आखडता घेते.

गाठी कशाने होतात हे आता सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बेयरिंक यांनी गाठीतील जीवाणू वेगळा काढून दाखवला. शेतात मात्र एक गोष्ट वारंवार विसरली जाते, ती अशी की सर्व द्विदल पिकांचा जीवाणू एकच नसतो. हरभऱ्याला गाठी आणणारा जीवाणू मेसोरायझोबियम गटातील, सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम गटातील आणि मेथीचा एन्सिफर मेलिलोटी, ज्याला पूर्वी रायझोबियम मेलिलोटी म्हणत. हाच मेलिलोटी घासाचाही जीवाणू आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मेथी (ट्रायगोनेला फीनम-ग्रेकम) आणि घास (मेडिकागो सटायव्हा) या अगदी जवळच्या भाऊबंदांतल्या आहेत. तीन पर्णिकांचे पान पाहिले की ते सहज पटते. हरभरा त्याच कुळातला असला, तरी त्याचे घर वेगळे.

यावरून चित्र जुळले. हरभऱ्याचे पाकीट थायरमसोबत एकाच घमेल्यात कालवल्याने त्यातील बरेच जीवाणू मेले असण्याची शक्यता होती. पण ते सर्व जिवंत असते, तरीही मेथीच्या मुळावर त्यांचा उपयोग झाला नसता. चौदा वर्षे द्राक्ष उभे असलेल्या जमिनीत मेथीचा जीवाणू स्वतःहून पुरेशा संख्येने असण्याचे कारण नव्हते. ‘मग खरिपात मेथी हिरवी कशी होती?’ हा नानांचा प्रश्न रास्त होता. पाल्याची मेथी महिन्याभरात काढली जाते आणि तिला पेरणीबरोबर व नंतरही युरिया दिलेला असतो, त्यामुळे गाठी आहेत की नाहीत हे तेथे उघडकीसच येत नाही. बियाण्याच्या पिकाला मात्र सुरुवातीचा हलका हप्ता संपल्यावर पुढचे तीन महिने काढायचे असतात.

द्राक्षावर फवारलेल्या बोर्डो मिश्रणातून (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) वर्षानुवर्षे साठलेल्या तांब्याचा संशयही मला आला होता, कारण जास्त तांबे मातीतील जीवाणूंना अपायकारक असते. मात्र माती परीक्षणात सामू (पीएच) ८.२ होता, आणि अशा चुनखडीच्या जमिनीत तांबे बऱ्याच अंशी बांधलेले राहते. शिवाय हिरवा कोपराही त्याच जुन्या बागेचा भाग होता. म्हणून तो संशय मी बाजूला ठेवला. हाच सामू मेलिलोटीला मानवणारा होता; आम्ल जमिनीत हा जीवाणू तग धरत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय युरियाचा होता, आणि नानांचा कल तिकडेच होता. खर्च नगण्य, परिणाम आठवड्यात दिसणारा. त्याचे तोटे दोन: आयत्या नत्रामुळे गाठी आणखी लांबतात, म्हणजे पुन्हा-पुन्हा युरिया देत राहावे लागते, आणि थंडीत लुसलुशीत वाढलेल्या मेथीवर मावा आणि भुरी लवकर येतात, शिवाय पाला वाढत राहून शेंगा उशिरा पिकतात. मार्चमध्ये अवकाळीची भीती असलेल्या भागात ‘उशिरा पिकणे’ हा तोटा लहान नाही.

बियाण्याचा नाद सोडून आहे ती मेथी भाजी म्हणून काढावी, हा दुसरा पर्याय होता. त्या आठवड्यात भाव शेकड्याला तीनशे रुपयांच्या आसपास होता. ओळीत पेरलेल्या विरळ मेथीच्या जुड्या कमी भरतात, त्यातून पिवळा माल. काढणी, बांधणी आणि वाहतूक वजा जाता हाती फारसे उरले नसते. पाल्याची एक हलकी कापणी घेऊन मग फुटवा बियाण्याला सोडणे ही रीतही अनेक ठिकाणी आहे, परंतु उपाशी झाडाची पाने काढून घेणे मला योग्य वाटले नाही.

तिसरा पर्याय सर्वांत मोहक होता. घासाच्या मुळाशी हवा तो जीवाणू भरपूर होता. तेथील माती उचलून मेथीच्या ओळींत पसरावी आणि पाणी द्यावे, म्हणजे फुकटात काम झाले असते. तयार जीवाणू खत मिळत नसे त्या काळी एका शेताची माती दुसऱ्या शेतात नेण्याची ही पद्धत रूढ होती, आणि ती कामही करते. पण घासाला अमरवेल लागते. पिवळ्या दोऱ्यांसारखी ही परजीवी वेल घासातून मेथीवरही चढते आणि तिचे बारीक बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. “दोन वर्षांमागे थोडी आली होती, आम्ही घासासकट उपटून जाळली,” असे सूनबाईंनी सांगितले. ‘थोडी आली होती’ एवढे वाक्य माझ्यासाठी पुरेसे होते. बियाण्याच्या पिकात अमरवेल शिरली, तर तिचे बी मेथीच्या दाण्यांबरोबर पुढच्या प्रत्येक वाफ्यात, आणि बियाणे विकले तर शेजाऱ्यांच्याही शेतात जाते.

चौथा पर्याय म्हणजे घास-मेथीसाठी असलेले योग्य जीवाणू संवर्धक मागवून उभ्या पिकात आळवणी करणे, म्हणजे त्याचे द्रावण मुळांशी ओतणे. जीवाणू बियाण्यासोबत जाणे हीच खरी पद्धत. महिन्याच्या पिकात आळवणीने तितका लाभ होत नाही आणि डिसेंबरच्या अखेरीस माती थंड असल्याने गाठी धरण्याचा वेगही मंदावतो. म्हणजे हा पर्याय शास्त्राला धरून होता, पण त्याला उशीर झाला होता. मोडून पुन्हा पेरणे हा पाचवा पर्याय आम्ही फार वेळ चर्चिला नाही. डिसेंबरच्या मध्यावर पेरलेली मेथी दाण्यावर येईपर्यंत उन्हाचा तडाखा सुरू झाला असता.

निर्णय आणि कृती

येथे मतभेद झाला आणि तो नोंदवण्याजोगा आहे. नानांना सर्व शेताला युरिया द्यायचा होता, मला सर्व शेताला आळवणी करायची होती. सूनबाईंनी वहीत शेताचा नकाशा काढला आणि वाटणी सुचवली: घासाजवळचे दोन गुंठे जसे आहेत तसे ठेवायचे, दहा गुंठ्यांना आळवणी, चार गुंठ्यांना युरिया आणि द्राक्षबागेच्या बाजूचे चार गुंठे मोडायचे. एका उपायावर सगळा हंगाम टाकण्यापेक्षा हे बरे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते आम्हा दोघांनाही मान्य करावे लागले.

बागेच्या बाजूचे चार गुंठे भाजी म्हणून विकण्याचा विचार आधी झाला होता. परंतु डिसेंबरात बागेवर फवारण्या चालू असतात आणि वाऱ्याबरोबर ते औषध पहिल्या ओळींवर येते. द्राक्षासाठी ठरवलेला काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) पालेभाजीला लागू करता येत नाही. मेथीचे सबंध पान ताटात जाते. म्हणून तेथील पाला ना विकला, ना गाईंना घातला, तो जमिनीत गाडला. मोठ्या प्रमाणात मेथी खाल्लेल्या गाईच्या दुधाला वास येतो ते कारण वेगळेच. ज्यांची पालेभाजी बागेला खेटून आहे, त्यांनी बागेकडच्या चार-सहा ओळी खाण्यासाठी वापरू नयेत, हे मी प्रत्येक गावात सांगते.

योग्य संवर्धक मिळवायला चार दिवस लागले. जवळच्या दुकानात ‘रायझोबियम’ एवढेच लिहिलेल्या बाटल्या होत्या. कोणत्या पिकासाठी हे विचारल्यावर ‘सगळ्याला चालते’ असे उत्तर मिळाले. ते चालत नाही, म्हणून आम्ही तेथून घेतले नाही आणि पिकाचे नाव छापलेले संवर्धक बाहेरून मागवले. ९ डिसेंबरला संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आदल्या दिवशी भिजवलेल्या जमिनीत ओळींच्या बुडाशी आळवणी केली आणि लगेच हलके पाणी दिले, जेणेकरून जीवाणू वर वाळून न जाता मुळांपर्यंत जावेत. वापरलेली झारी नवी होती. बुरशीनाशकाच्या पंपात हे द्रावण घालणे म्हणजे केलेले काम पुसून टाकणे होय. त्याच दिवशी युरियाच्या चार गुंठ्यांत साडेचार किलो युरिया दिला.

काय झाले

युरियाचा भाग सहा दिवसांत हिरवा झाला. आळवणीचा भाग दोन आठवडे तसाच पिवळा राहिला आणि त्या दोन आठवड्यांत नानांचा फोन मला तीनदा आला. प्रत्येक वेळी ‘ताई, तिकडे पण टाकू का थोडा युरिया?’ हाच प्रश्न होता. ज्या माणसाने आयुष्यभर पिकाचा रंग पाहून निर्णय घेतले, त्याला हिरव्याच्या शेजारी पिवळे शेत रोज पाहायला लावणे सोपे नव्हते. मी थांबायला सांगत होते, पण मलाही खात्री नव्हती.

२४ डिसेंबरला झाडे धुतली तेव्हा नव्या बारीक मुळांवर गाठींची सुरुवात दिसली. ३ जानेवारीला काही गाठी आतून गुलाबी होत्या. फुलोरा सुरू होईपर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, शेंड्याकडची नवी पाने चांगल्या हिरव्या रंगाची येऊ लागली. खालची पिवळी पाने मात्र परत सुधारली नाहीत, ती गळूनच गेली.

फेब्रुवारीत ढगाळ हवा आली आणि अपेक्षेप्रमाणे मावा आधी युरियाच्या भागात दिसला. तेथे दोनदा निंबोळी अर्काची फवारणी करावी लागली. भुरी दोन्हीकडे आली, पण युरियाच्या भागात दाट पाल्यामुळे ती आतपर्यंत गेली होती. बागेसाठी घरात असलेले पाण्यात मिसळणारे गंधक वापरून ती आटोक्यात आली. आळवणीचा भाग आणि हिरवा कोपरा १४ मार्चला उपटून खळ्यावर आला. युरियाचा भाग नऊ दिवस मागे राहिला आणि त्या नऊ दिवसांतच एका रात्री पाऊस झाला. शेंगा भिजल्या आणि दाण्यांचा काही भाग काळवंडला.

मळणी आणि उफणणीनंतर वजने अशी भरली: घासाजवळच्या दोन गुंठ्यांतून ३१ किलो, आळवणीच्या दहा गुंठ्यांतून ११८ किलो, युरियाच्या चार गुंठ्यांतून ३७ किलो. गुंठ्याला अनुक्रमे साडेपंधरा, पावणेबारा आणि सव्वानऊ किलोच्या आसपास. मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे ठेवून उगवण पाहिली, तेव्हा आळवणीच्या भागातील ८८ दाणे उगवले. काळवंडलेल्या बियाण्यातून ५३. ते काळवंडलेले बियाणे पेरणीसाठी वापरले नाही.

हे आकडे मोठ्या निष्कर्षाला पुरेसे नाहीत. हिरव्या कोपऱ्याला पाणी आणि गोमूत्र अधिक मिळत होते, तेव्हा त्याचे साडेपंधरा किलो केवळ गाठींचे श्रेय म्हणता येणार नाहीत. युरियाच्या भागाचे नुकसान पावसाने वाढवले, आणि पाऊस नऊ दिवस आधी आला असता तर तो सर्वांनाच लागला असता, नऊ दिवस उशिरा आला असता तर कोणालाच नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव माझी आहे. वाटणी करताना काहीही न केलेल्या दोन ओळी मी राखून ठेवायला हव्या होत्या. त्या नसल्यामुळे, गाठी आळवणीने आल्या की घासाजवळच्या कोपऱ्यातील जीवाणू पाटाच्या पाण्याबरोबर हळूहळू पसरत गेल्याने आल्या, हे आज ठामपणे सांगता येत नाही. पाटाचा उतार विहिरीकडून शेताच्या मध्याकडेच आहे, त्यामुळे ही शंका पोकळ नाही. पिवळ्या शेताच्या काठावर उभे असताना ‘दोन ओळी तशाच राहू द्या’ हे सांगणे मला जिवावर आले, हे त्यामागचे खरे कारण.

छायाचित्रावरून निदान करण्याची घाई ही दुसरी चूक. वरचे पान पिवळे की खालचे, एवढा एक प्रश्न मी फोनवर विचारला असता, तर लोहाचा विषय तेथेच संपला असता. आता मी छायाचित्रासोबत बादलीत धुतलेल्या मुळाचे छायाचित्रही मागते.

पेरणीच्या दिवशी घेतलेला निर्णय सुधारणे तर अगदीच सोपे होते. बुरशीनाशक आधी चोळून बियाणे सावलीत सुकवायचे, आणि जीवाणू संवर्धक सर्वांत शेवटी, पेरणीच्या अगदी आधी, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम या प्रमाणात लावायचे. त्यानंतर बियाणे उन्हात न ठेवता लगेच पेरायचे. त्यातही बुरशीनाशकाची भीती मुळात मेथीवर मेथी घेतल्यामुळे निर्माण झाली होती. त्या जमिनीत खरिपाचे शेवटचे पीक कोथिंबीर किंवा मका घेतले असते, तर मर रोगाचा दाब कमी झाला असता आणि थायरमची तेवढी गरज राहिली नसती. आणि पंचवीस दिवसांऐवजी अठराव्या-विसाव्या दिवशी चार झाडे धुऊन पाहिली असती, तर आळवणी आठवडाभर आधी, माती अधिक उबदार असताना झाली असती.

घासाच्या मातीबाबत मात्र मी आजही तोच निर्णय घेईन. नानांना तो पटलेला नाही. चाळून घेतलेल्या मातीतून अमरवेल येणार नाही असे ते म्हणतात. मेथीचा दाणा आणि अमरवेलीचे बी यांच्या आकारात फरक आहे हे खरे, पण माती आणि अमरवेलीचे बी यांना वेगळे करील अशी चाळणी शेतावर नसते.

या वर्षीची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरली आहे. बियाणे घरचे, संवर्धक घास-मेथीचे, आणि जुना झालेला घास यंदा मोडायचा असल्याने त्या तीन गुंठ्यांतही मेथीच पेरली जाईल; तेथे अमरवेल दिसली तर ती फुलावर येण्याआधी उपटायची जबाबदारी सूनबाईंनी घेतली आहे. शेताच्या मध्यभागी दोन ओळींच्या चारही टोकांना बागेतील जुन्या अँगलचे तुकडे ठोकून ठेवले आहेत. त्या ओळींना काहीही लावायचे नाही, आणि त्या पिवळ्या पडल्या तरी युरिया टाकायचा नाही, असे नानांनी स्वतः मान्य केले आहे.